मागच्या चाकाचे बोल्ट

आमच्या गॅरेजवाल्याला नंबरप्लेट न बघता गाडी कुणाची ते कळतं. मागच्या चाकाशी उकिडवा बसतो, स्प्रॉकेटकडे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीकडे, एक नजर टाकतो आणि म्हणतो, "ही मासळीवाल्याची." कॅरियरला बांधलेल्या क्रेटमधून बर्फाचं पाणी वाटभर ठिबकत असतं आणि ते नेमकं मागच्या चाकावर पडतं. मासळीखालून आलेलं पाणी, म्हणजे मीठ आलंच. अशा गाडीचं पुढचं चाक बरं असतं. मागच्या स्प्रॉकेटच्या बोल्टांची डोकी मात्र आधी गंजून फुगतात, मग पापुद्रे सुटून बारीक होतात, आणि शेवटी बाराचा पाना त्यांच्यावर नुसता गरगरतो. मग छिन्नी, हातोडी आणि गॅरेजवाल्याच्या तोंडचे चार शब्द.

मी मासे वाहत नाही, फक्त खाते. पण घर आचऱ्याला. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उरलेलं वर्ष खारा वारा, त्यामुळे मासळीवाल्यांच्या गाडीचं जे होतं तेच माझ्या गाडीचं होतं, जरा सावकाशीनं. गाडी साडेतीनशे सीसीची. रोजची धाव मालवण नाहीतर कणकवली, आणि कधीमधी फोंडा घाटानं कोल्हापूर.

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि चेनसेट बदलायचा म्हणून मांगरात गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक उतरवलं. ही कामं शक्यतो मी घरीच करते. गॅरेजवाल्याला त्याचं दुःख नाही. "अडलं की आणा, ताई," म्हणून तो हसतो, आणि अडतंच कधी ना कधी.

चाक उतरवण्यात सांगण्यासारखं काही नाही. एक्सल ओढला, चेन उतरवली, चाक बाहेर. खरा विषय त्यानंतरचा आहे: चाकाला स्प्रॉकेट धरून ठेवणारे बोल्ट आणि दुसऱ्या अंगाला ब्रेकची डिस्क धरणारे बोल्ट. टायर कुठला घातलास, चेन कुठल्या कंपनीची, यावर लोक तासभर बोलतील. बोल्टांचं नाव कुणी काढत नाही. काढले की करवंटीत टाकायचे, नवं स्प्रॉकेट ठेवायचं, तेच बोल्ट परत करकचून आवळायचे, झालं काम.

त्यातला एक मी दारात उजेडाला धरून बघितला. आट्यांमध्ये निळसर पूड, कारखान्यात लावलेल्या थ्रेडलॉकरची, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाची. डोक्याखाली अर्ध्या भागावर काळपट गंज, उरलेल्या अर्ध्यावर घासून चकचकीत झालेला पट्टा, म्हणजे स्प्रॉकेट तिथं हलत होतं. दांड्यावर स्प्रॉकेटच्या जाडीइतक्या अंतरावर एक पुसट कड, डोळ्याला न दिसणारी पण नखाला लागणारी. ज्या भोकातून बोल्ट निघाला तिथं ॲल्युमिनियमच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, पांढरी भुकटी जमलेली. मग एक नवाकोरा नट घेऊन बोटांनी त्या बोल्टावर फिरवला. सुरुवातीचे आटे सुरळीत गेले आणि मधेच अडला. जोर केला असता तर गेलाही असता पुढे, पण अडला एवढं पुरे होतं. त्या जागी बोल्ट ताणला गेला होता, आट्या-आट्यांमधलं अंतर केसभर वाढलं होतं.

बोल्टाचं सगळं काम ताणावर चालतं. आवळताना तो किंचित लांबतो, आणि पुन्हा आखूड व्हायच्या त्याच्या ओढीनं स्प्रॉकेट हबवर दाबून बसतं. त्या दाबातून जे घर्षण तयार होतं ते चेनची ओढ सोसतं. बोल्टाच्या दांड्यानं ती ओढ थेट अंगावर घ्यावी असा हिशोबच नसतो. एकदा मर्यादेपलीकडे ताणला की आखूड व्हायची ती ओढ संपली. इलॅस्टिक गेलेली चड्डी कमरेवर बसल्यासारखी दिसते, पण तिच्या भरवशावर पळता येत नाही.

आणि हे हाताला कळत नाही, ही खरी अडचण. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्सा बोल्टाच्या ताणात जातो. जवळजवळ अर्धा डोक्याखालच्या घर्षणात जिरतो आणि उरलेला आट्यांमधल्या घर्षणात. त्यामुळे गंजलेला बोल्ट हाताला मस्त घट्ट लागतो. जोर सगळा गंजाशी भांडण्यात गेलेला असतो, आत ताण नावालाच. उलट त्याच आट्यांना ग्रीस चोपडून तेवढाच जोर केला तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. आमचा गॅरेजवाला कट्ट असा आवाज आला की थांबतो. त्याचा हात इतक्या वर्षांत चांगला बसलाय, पण तो बसलाय नव्या, कोरड्या बोल्टांवर. समुद्रकाठच्या गंजलेल्या आट्यांवर त्याचाही अंदाज चुकणार.

बोल्ट सुटू नये म्हणून घालायच्या स्प्रिंग वायसरवर आपल्या लोकांची भारी श्रद्धा. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली प्रयोग करून दाखवलं की बोल्ट आपोआप सुटतो तो मुख्यतः जोडलेल्या दोन भागांच्या आडव्या सरकण्यानं. त्याच्या पद्धतीच्या यंत्रावर स्प्रिंग वायसर लावलेले बोल्टही भराभर सैल होतात. मागच्या स्प्रॉकेटला तर हीच आडवी ओढ सतत. ॲक्सिलरेटर पिळला की चेन एका दिशेनं खेचते, सोडला की उलट. घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक घेत घेत आलात तर दर वळणावर हेच चालू. पुरेसा ताण असेल तर स्प्रॉकेट हलत नाही, आणि ते हललंच नाही तर बोल्टाला फिरायला कारण उरत नाही. थ्रेडलॉकर यानंतरचा. ढिल्या बोल्टावर बाटली रिकामी केली तरी चकचकीत पट्टा पडायचा तो पडणारच.

मी बोल्ट कागदावर ओळीनं मांडत होते तेव्हा शेजारचे तांडेल काका कुंपणावरून डोकावले.

"बोल्ट बरे आसत मां गो? टाकतस कित्याक?"

"काका, तुम्ही बोटीच्या पंख्याजवळची जस्ताची वडी बदलता की नाही?"

"ती खावकच लायलेली आसता," काका म्हणाले. "ती ऱ्हवली तर पंखो जाता."

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर काढल्या की ही वडी बघायचीच, हे त्यांना कुणी शिकवायला नको. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक खाल्ला जातो. म्हणून पंख्याच्या शाफ्टजवळ मुद्दाम जस्त ठेवतात, समुद्राला खायला. माझ्या चाकात असं जस्त कुणी ठेवलेलं नाही. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचा हब आणि मधे खारट ओल, अशा पंगतीत खाल्लं जातं ॲल्युमिनियम. भोकातली ती पांढरी भुकटी म्हणजे हब होता. स्वस्तातला बोल्ट शाबूत आणि अख्ख्या चाकात सगळ्यात महाग तो हब झिजतोय, असा हा उफराटा सौदा. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी हबच्या भोकात बोट घालून भुकटी बघितली, बोट लुंगीला पुसलं आणि आणखी काही न विचारता निघून गेले. म्हणजे पटलं.

नवे बोल्ट आणायला कणकवलीला गेले. कंपनीच्या काउंटरवर मागवावे लागतील म्हणाले, म्हणून जाता जाता एका हार्डवेअरच्या दुकानात डोकावले. तिथं बोल्ट किलोवर. दुकानदारानं आधी मिस्टरांना फोन लावून साइज विचारून घ्यायला सुचवलं. साइज मीच सांगितल्यावर त्यानं उत्साहानं स्टेनलेस स्टीलचे चकचकीत बोल्ट पुढ्यात ओतले. "हेच न्या, वहिनी. जन्मात गंजणार नाहीत."

कोकणात हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि ऐकायला अगदी रास्त वाटतो. पण बोल्टाच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात ते वाचावेत. १०.९ लिहिलं असेल तर तो बोल्ट साधारण ९०० मेगापास्कलपर्यंत ताण घेऊन परत पूर्ववत होतो. ८.८ असेल तर ६४०. नेहमीच्या स्टेनलेसवर ए२-७० असतं, आणि तो ४५० लाच कायमचा लांबतो. म्हणजे १०.९ च्या जागी स्टेनलेस लावला तर ताकद निम्म्यावर आली. शिवाय ॲल्युमिनियमला पोलादापेक्षा स्टेनलेसची संगत खाऱ्या ओलीत जास्तच बाधते. बोल्ट चकचकीत राहील आणि हब दुप्पट हौसेनं झिजेल. नंबरप्लेटला, मडगार्डला लावा खुशाल. स्प्रॉकेटला नको.

१०.९ चे साधे बोल्टही होते त्याच्याकडे. पण ते डोक्यापर्यंत आटे पाडलेले. कंपनीच्या बोल्टाला डोक्याखाली थोडा बिनआट्यांचा दांडा असतो आणि स्प्रॉकेट त्यावर बसतं. आट्यांवर बसवलं तर भोकात खेळ राहतो, आणि आट्याच्या खाचेतूनच बोल्ट तुटायला सुरुवात होते. तेव्हा मुकाट्यानं काउंटरवर परत जाऊन ऑर्डर दिली. स्प्रॉकेटचे आणि डिस्कचे मिळून सगळे बोल्ट एका बऱ्या पापलेटापेक्षा स्वस्तात आले. डिस्कचे तर बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये काढले की नवेच लावायला सांगितलेले असतात. त्यांच्या आट्यांवर कोरडा रंगीत पट्टा असतो, त्यात गोंदाच्या बारीक बारीक कुप्या. बोल्ट पहिल्यांदा आवळताना त्या फुटतात आणि गोंद पसरून धरतो. एकदा फुटलेल्या कुप्या दुसऱ्यांदा कुठून फुटणार?

घरी बाबा वाट बघत होते. बाबांची उभी हयात मुंबईत एका कारखान्यात गेली. चाकरमान्यांनी गावी खाऊ आणावा तसे ते लोहार चाळीतून नट-बोल्ट आणायचे. त्यातले आणि बाकी जमवलेले सगळे एका डालड्याच्या डब्यात आहेत. पंपाचे, पंख्याचे, पाडलेल्या जुन्या दरवाज्याचे, सायकलचे, आणि कशाचे ते आता कुणालाच ठाऊक नाही असे. आमच्या घरात काही टाकत नाहीत. झावळीच्या हिरांचा खराटा होतो, पेंड चुलीत जाते, करवंटी बंबात जाते, फाटलेलं जाळं वेलांना चढायला. तिथं मी दुकानातून बोल्ट विकत आणले हे बाबांना लागलं.

"डब्यात बघितलंस?"

बघितलं होतं. मापाचे तीन मिळालेही होते. तिघांची डोकी कोरी, एकावर आकडा नाही. जाड आहे म्हणजे मजबूत आहे, असा बाबांचा हिशोब. "जुनं लोखंड आहे ते. आता असं मिळत नाही." मी त्यांना आकड्यांचं गणित सांगितलं. पहिला आकडा शंभरानं गुणायचा, ती तुटायची मर्यादा. दोन्ही आकडे गुणून दहानं गुणायचे, ती ताणून कायमची लांबायची. बाबांना गणित आवडतं. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी करून बघितलं, आणि कोऱ्या डोक्याच्या बोल्टाला गुणायचं कशानं असं मी विचारल्यावर चष्मा काढून ठेवला.

मग दुसरा वाद. काढलेले बोल्ट तरी डब्यात टाक, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हटलं. डब्यात गेलेली वस्तू आज ना उद्या कुणाला तरी घाईत सापडते. सापडेल तेव्हा तिच्या डोक्यावर १०.९ लिहिलेलं असेल, म्हणजे कोऱ्या डोक्यापेक्षा वाईट. तो माणूस विश्वासानं लावणार. मी पुतण्याचं नाव घेतलं, तो याच डब्यातून स्कूटरचं काहीबाही शोधत असतो. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि उठून हॅकसॉ घेऊन आले. मला वाटलं, रागानं सगळे कापणार. त्यांनी व्हाइसमध्ये एक बोल्ट धरला, त्यातला न ताणलेला, आणि त्याच्या आट्यांवरून लांबीच्या दिशेनं दोन चिरा पाडल्या.

"याने हबचे आटे साफ कर. टॅप मारशील तर ॲल्युमिनियमच खरवडून काढशील."

हे मला सुचलं नसतं. बाजारात मिळणारा टॅप नवे आटे कापायला केलेला असतो. मऊ ॲल्युमिनियमच्या झिजलेल्या भोकात तो जुन्या गोंदासोबत चांगला धातूही काढतो. चिरा पाडलेला बोल्ट मूळ आट्यांच्याच वाटेनं जातो आणि निळी पूड, पांढरी भुकटी त्या चिरांमध्ये गोळा होते. थोडा आत, थोडा मागे, बाहेर काढून ब्रशनं झटकायचा, पुन्हा आत. एकेका भोकातून इतकी पूड निघाली की मी कागद बदलला. उरलेल्या बोल्टांचे आटे बाबांनी कानशीनं मारून टाकले आणि ते मांगरात दोरखंड अडकवायला भिंतीत ठोकले.

आटे पुसायचे ते ॲसिटोननं किंवा ब्रेक क्लीनरनं. आपल्याकडे रॉकेल किंवा पेट्रोलवर काम भागवतात, पण रॉकेल मागे तेलकट साय सोडतं आणि गोंदाला तीच नको असते. काही थ्रेडलॉकर थोडं तेल चालवून घेतात, म्हणून काय मुद्दाम लावायचं?

थ्रेडलॉकरची बाटली कधीच काठोकाठ भरलेली नसते. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदारानं अर्धी काढून घेतली. ती मोकळी जागा हवेसाठी असते, आणि प्लास्टिकही हवा आत येऊ देणारं वापरतात. हा द्रव हवा लागते तोवर पातळ राहतो. हवा तुटली आणि धातू लागला की घट्ट होतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये आधी असा एक पदार्थ सापडला होता, पण तो टिकवायचा तर त्यातून सतत हवेचे बुडबुडे सोडत राहावं लागे. १९५३ साली हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी बाटलीत टिकेल असा द्रव बनवला. तोच पुढे लॉकटाइट नावानं बाजारात आला, आणि आता आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या बाटलीला लॉकटाइटच म्हणतात. किनाऱ्यावर बाकी सगळं हवेनं बिघडतं, आणि हा एक हवेवर जगतो. मला त्याची गंमत वाटते.

चाकाला निळा घ्यायचा, मध्यम ताकदीचा. लाल लावलात तर पुढच्या वेळी बोल्ट काढताना अडीचशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि शेजारी बेअरिंगचं सील, ग्रीस आणि हबचा रंग आहे. सगळ्या कंपन्या रंगांचा संकेत पाळतीलच असं नाही, तेव्हा बाटलीवरचं वाचावं. फेविक्विक घालणारे महाभागही मी पाहिलेत. तो ठिसूळ गोंद, या कामाचा नाही. थेंब एक, फार तर दोन. भोक आरपार असेल तर बोल्टाच्या त्या आट्यांवर जे हबमध्ये रुतणार आहेत, आणि भोक बंद असेल तर भोकाच्या तळाशी. बंद भोकात बोल्टावर लावलं तर आतली दाबली गेलेली हवा ते बाहेर ढकलते. जास्त ओतलं तर वाहून बेअरिंगकडे जातं, आणि प्लास्टिकवर सांडलं तर काही प्लास्टिकला तडे जातात. आमच्यासाठी याचा आणखी एक उपयोग आहे, जो मला लॉक करण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आट्यांमधली फट भरली की खारं पाणी आत शिरत नाही, म्हणजे हब खाणारी ती पंगतच बसत नाही.

आवळायचे समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटची फेरी टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. मग प्रत्येक डोक्यावरून स्प्रॉकेटवर पांढऱ्या मार्करची रेघ, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आणि गाडी रात्रभर तशीच. वीस मिनिटांत गोंद धरतो, पण पुरा पिकायला चोवीस तास लागतात. दुसऱ्या दिवशी गॅरेजातला पोरगा धुता धुता "जरा आवळून देतो, ताई" म्हणाला, त्याला लांबूनच थांबवलं. पिकलेला गोंद थोडा फिरवला की तुटतो, आणि तुटला की काढा, पुसा, पुन्हा लावा. रेघ बघ, पाना ठेव, म्हटलं.

एक्सलला थ्रेडलॉकर नाही. त्याच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात, नाहीतर दोन पावसाळ्यांत तो बेअरिंगच्या आतल्या कड्यात असा धरतो की घण घ्यावा लागतो. नटाची स्प्लिट पिन दर वेळी नवी. वाकवून सरळ केलेली पिन पुन्हा घालणाऱ्यांना काय म्हणावं, रुपया-दोन रुपयांची ती! नायलॉनचं कडं असलेला नट असेल तर तो बोटांनी सहज फिरतो का ते बघावं. फिरला तर त्याचंही आयुष्य झालं.

बाबा हे सगळं खुर्ची टाकून बघत होते. शेवटी बाटली हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी केली, किती उरलंय ते बघितलं.

"हे माजघरातल्या खिडकीच्या बिजागरीला लावू या का? स्क्रू सारखे ढिले होतात."

"लाकडात नाही सुकत ते, बाबा. त्याला धातू लागतो."

"मग काय कामाचं," म्हणून त्यांनी बाटली खाली ठेवली आणि डब्यात मोठे स्क्रू शोधायला बसले.